अर्धा फ्रीझर

घटस्फोट झाला तेव्हा वेइयो आणि सोइलीने सगळं शहाण्या माणसांसारखं वाटून घेतलं. घर सोइलीकडे, गाडी आणि होडी वेइयोकडे, तळ्याकाठची झोपडी मुलाला. कुत्रा म्हातारा होता, तो आपणहून गेला. राहिला एक फ्रीझर. आडवा, पेटीसारखा, आत माणूस झोपेल एवढा. तो कुठल्याच दारातून धड बाहेर निघेना, म्हणून सोइलीच्या स्वयंपाकघरामागच्या खोलीतच राहिला आणि दोघांचा राहिला. डाव्या बाजूला वेइयोने शिकारीत मिळवलेलं मूसचं, म्हणजे तिकडच्या घोड्याएवढ्या हरणाचं मांस, उजव्या बाजूला सोइलीने रानातून वेचलेल्या बेरी, मधे एक तारेची जाळी.

वेइयोची दुसरी बायको हिल्का हिच्या डोळ्यांत ही जाळी सहा वर्षं खुपत होती.

वर्षभर एक वेळ चालायचं. मांस लागलं की वेइयो जायचा, दहा मिनिटांत परतायचा. पण जानेवारीत पारा उणे वीसच्या खाली उतरला की सोइलीचा फोन ठरलेला. "थंडी पडली रे, ये." कारण असा फ्रीझर साफ करायचा तर कडाक्याच्या थंडीतच, आतलं सगळं उचलून ओसरीवर ठेवलं की ते तिथे दगडासारखं राहतं आणि बर्फ निवांत वितळवता येतो. मग वेइयो जायचा आणि तीन-तीन तास यायचाच नाही. यायचा तेव्हा बाह्या ओल्या, गाल लाल, तोंडात कसलीशी शीळ आणि अंगाला वेलचीच्या गोड पावाचा वास.

एवढं करून घरचा फ्रीज कोण पुसायचं? हिल्का. लिटरभर कोमट पाण्यात चमचाभर सोडा, दाराच्या रबराच्या खाचेत जुना टूथब्रश, शेवटी कोरडं फडकं. हे सगळं तिनेच नवऱ्याला शिकवलं होतं, लग्नाच्या पहिल्या वर्षी, हाताला धरून. शिकला तो चांगला. पण इथे सोफ्यावरून सल्ले द्यायचा आणि तिथे जाऊन राबायचा. माझ्या घरची शिकवण आणि तिच्या घरी चाकरी, या विचाराने हिल्काच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

या वर्षी मात्र देव पावला. वेइयो दारातच बर्फावरून घसरला आणि उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. चौथ्या दिवशी फोन वाजला तो हिल्कानेच उचलला.

"हात मोडलाय त्याचा," ती म्हणाली. "मी येते."

पलीकडून सोइलीचा आवाज आला. "तू?"

"का? मला फडकं धरता येत नाही असं वाटतं का तुम्हाला?"

त्या गावात पाद्रीबुवांनाही कुणी अहो-जाहो करत नाही. पण हिल्काने सोइलीला सहा वर्षं 'तुम्ही'च्या पलीकडे ठेवलं होतं.

जाताना तिने मनाशी ठरवलं, आज हे प्रकरण संपवायचं. फ्रीझर साफ करायचा, वेइयोचं सगळं मांस घरी आणायचं आणि पुन्हा त्या दारात पाऊल ठेवायची गरज उरू द्यायची नाही. घरचा फ्रीझर अर्ध्या कपाटाएवढा होता, पण ते नंतर बघू.

सोइली साठीची, उंच, कमी बोलणारी. तिने प्लग आधीच काढून ठेवला होता. दोघींनी मिळून सगळं ओसरीवर नेलं, खोक्यांत भरलं, कावळ्या-कोल्ह्यांनी पळवू नये म्हणून वर फळ्या टाकल्या. एकेका पुडक्यावर सोइलीच्या रेखीव अक्षरात चिठ्ठी. 'वेइयो, मूस, खांदा.' 'वेइयो, मूस, खिमा.' नवऱ्याचं नाव दुसऱ्या बाईच्या अक्षरात पन्नास वेळा वाचायचं म्हणजे काय असतं, ते हिल्काला त्या दिवशी कळलं.

मग सोइलीने फ्रीझरच्या तळाशी टॉवेल अंथरला, त्यावर कढत पाण्याचं पातेलं ठेवलं आणि झाकण लावून घेतलं.

"बर्फ आपणहून सुटू द्यायचा. लाकडी उलथन्याने नुसता ढकलायचा. सुरीबिरी अजिबात नाही हं, भिंतीत वायूच्या नळ्या असतात."

"मला शिकवू नका," हिल्का म्हणाली.

"फरशी ओली होईल. हे घाल." सोइलीने खुंटीवरून लोकरी मोज्यांची जोडी काढून दिली. करड्या रंगाची, टाचेला लाल पट्टी. "वेइयोचेच आहेत. इथे येतो तेव्हा घालतो."

हिल्काने मोजे हातात धरले. घरचं विणकाम. टाच एकदा झिजून पुन्हा विणलेली. खुंटीशेजारी फळीवर एका कपात जुना टूथब्रश, त्याच्या बाजूला सोड्याचा डबा, डब्यात चमचा. तिच्याच घरातली मांडणी उचलून कुणी इथे आणून ठेवावी तसं. तळपायाची आग मस्तकात गेली. या खोलीत तिच्या नवऱ्याला स्वतःची खुंटी होती. घरी त्याचे मोजे सोफ्याखाली सापडायचे.

"कॉफी टाकते," म्हणून सोइली स्वयंपाकघरात गेली. टेबलावर तिची मेणबत्ती जळत होती; जानेवारीत दुपारी दोनलाच अंधारून येतं.

हिल्काने झाकण उघडलं. बाकीचा बर्फ सुटला होता, पण वेइयोच्या बाजूच्या भिंतीला एक जाड थर घट्ट चिकटून बसला होता. उलथन्याने तो हलेना. थांबायला हवं होतं. आणखी एक पातेलं पाणी, आणखी वीस मिनिटं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण खिडकीत मासे साफ करायची सुरी होती आणि ती हिल्काच्या हातात आली. घाई म्हणावी तर घाई नव्हती. पहिला घाव बर्फावर बसला. दुसराही. तिसरा तिने जरा जास्तच जोर लावून घातला, आणि तो नुसत्या बर्फावर नव्हता.

सूं सूं आवाज यायला लागला.

सोइली दारात आली. तिने एकदा सुरीकडे बघितलं. मागे वळून फुंकर मारून मेणबत्ती विझवली, खिडक्या सताड उघडल्या.

"दिव्याच्या बटणाला हात लावू नकोस. कुठल्याच बटणाला नको. चल बाहेर, हा वायू पेट घेतो."

दोघी तशाच ओसरीवर आल्या. अंगात नुसते स्वेटर, बाहेर उणे एकवीस. शेजारी खोक्यांत मूस आणि बेरी. खोलीतला वायू निघून जाईपर्यंत आत जायची सोय नव्हती. हिल्काच्या पायात ते करडे मोजे होते, आणि ते चांगले उबदार होते याचाही तिला राग आला.

"मेला ना तो?" हिल्काने विचारलं.

"मेला. तो आता दुरुस्त व्हायचा नाही."

हिल्काला वाटलं होतं, आपल्याला आनंद होईल. झालाही, घोटभर.

"गंमत बघ," सोइली म्हणाली, पण तिच्या तोंडावर गंमत नव्हती. "सुरी लावायची नाही, हे मला कुणी शिकवलं ठाऊक आहे? तू."

"मी कधी?"

"बावीस वर्षं मी एकटीने तो फ्रीझर खरवडला. सुरीनेच खरवडायची, नशीब म्हणून वाचला. वेइयोने या घरात एकदाही फडकं हातात धरलं नाही. आणि सोडून गेल्यावर पहिल्या जानेवारीत आला, तर आपणहून बाह्या वर केल्या. माझ्या हातातली सुरी काढून घेतली. म्हणाला, हिल्का म्हणते सुरी नको. हिल्का म्हणते साबण नको, वास राहतो, सोडा घ्यायचा. हिल्का म्हणते रबर ब्रशने घासायचं. तीन तास, बाई! दर वर्षी तीन तास मी तुझं नाव ऐकते. मला काय वाटत असेल?"

हिल्काच्या तोंडून वाफ निघत होती.

"मग तुम्ही बोलावत कशाला होतात त्याला?"

सोइलीने हात काखेत दाबून धरले. "तरी येत होता ना."

खोली मोकळी झाल्यावर दोघी आत गेल्या. मेलेला फ्रीझर तसाच सोडला असता तरी चाललं असतं, पण सोइलीने सोड्याचं पाणी केलं आणि तो आतून पुसून काढला, खाचा ब्रशने घासल्या, कोरडं फडकं फिरवलं. हिल्का पातेल्यातलं पाणी ओतून येत राहिली. कॉफी कडू झाली होती, ती दोघींनी उभ्याउभ्याच प्यायली.

सोइलीच्या बेरी ओसरीवरच राहिल्या. थंडी रविवारपर्यंत टिकणार होती. वेइयोचं मांस दोन पोत्यांत भरून घसरगाडीवर घातलं. एकटीने ओढवणारं नव्हतं, म्हणून दोरीला दोघी लागल्या. अर्धा किलोमीटर रस्ता, बुटांखाली बर्फ करकरत होता. जिन्यातून एकेकीने एकेक पोतं उचललं.

वेइयोने दार उघडलं. समोर दोन बायका, दोघी धापा टाकताहेत, दोघींच्या हातांत पोती. तो गडबडला.

"झाला साफ?"

"मी सुरी मारली," हिल्का म्हणाली. "फुटला."

"तू? अगं, तूच तर मला..."

"माहीत आहे."

त्याला एकच हात होता. तो त्याने पुढे केला आणि हिल्काच्या खांद्यावरचं पोतं घेतलं. जराही न थांबता, सवयीने.

सहा वर्षं हिल्का याचीच वाट बघत होती. तिने विजयाने सोइलीकडे पाहिलं. सोइली पोतं छातीशी धरून त्याच्या त्या एका हाताकडे बघत होती. तो चेहरा हिल्काच्या ओळखीचा होता. दर जानेवारीला तीन तास, खिडकीच्या काचेत, आपल्या स्वतःच्याच खांद्यांवर तिने तो पाहिला होता.

"ते खाली ठेव," ती वेइयोला म्हणाली. "आधी तिचं घे. तिचं जड आहे."

मग तिने दार आणखी उघडलं. पायांतले मोजे काढून द्यायचे राहिले होते, पण ते देण्याचं तिच्या मनात येईना. ते तिने ठेवून घेतले.

"आत ये, सोइली," ती म्हणाली. "गारठली असशील."