टँकरची घंटा

बहात्तरच्या दुष्काळात खर्ड्याकडच्या त्या गावाचे घसे सुकले, जिभा मात्र इलेक्शनपायी सुटल्या होत्या. ख्रिस्ती वस्तीचे पाळक शलमोन साळवे सगळं ऐकत आणि गप्प बसत. गप्प बसण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता.

शनिवारी चर्चच्या मंडळीचा पंच जालिंदर आला. हल्ली तो सभापतींच्या जीपमध्येच जास्त दिसे.

"पाळकसाहेब, उद्या टँकर येतोय. घंटा वाजवा, मानसं जमली की सभापती मतांचं दोन शब्द बोलतील, मग पानी. फकस्त आपल्या मंडळीला."

"आन् ओढ्यापल्याडच्या बौद्धवाड्याला?"

"त्यांची मतं दुसरीकडं हायेत. देवानं आपल्यासाठी दार उघडलं म्हना की."

घ्या! म्हणजे आता देवसुद्धा मतदारयादी बघून पाणी सोडणार. पाळकांना संताप आला, पण बोलणार कुठल्या तोंडाने? नाही म्हणावं, तर मंडळीतली लेकरं तहानलेली. हो म्हणावं, तर पल्याड सख्खी बहीण भागिरथी, तिचा नातू जुलाबानं अंथरुणाला खिळलेला. एकाच रक्ताची माणसं. कुणी येशूकडं गेलं, कुणी बुद्धाकडं, एवढंच.

रविवारी टँकर ख्रिस्ती देवळापुढं उभा राहिला. सभापती उतरले. बाया हंडे घेऊन रांगेत लागल्या. जालिंदरनं खूण केली आणि पाळकांनी दोर धरला.

एक ठोका. मग थांबले. पुन्हा एक ठोका.

बायांनी हंडे खाली ठेवून डोक्यावर पदर घेतले. ही मयताची घंटा. मयताला त्या गावात कुणी धर्म विचारत नसे. दोन्ही वस्त्या खांदा द्यायला यायच्या. ओढा ओलांडून माणसं धावत आली, पुढं भागिरथी.

"दादा, कोन गेलं रं?"

"अजून कुनी न्हाई, भागे. जायच्या आदी बोलावलं. हंडे घेऊन या."

एवढ्या माणसांदेखत नाही म्हणायची सभापतींची छाती झाली नाही. दोन्ही वस्त्यांना अर्धा-अर्धा हंडा मिळाला.

"आता टँकर यायचा न्हाई," जालिंदर म्हणाला. "आपल्या लेकरांना काय पाजनार?"

टँकर खरंच आला नाही. पुढच्या रविवारी मंडळी त्यांच्याकडं न बघताच उपासनेला बसली, आणि पाळकांना प्रार्थनेचे शब्द सुचेनात. आपण चुकलो की काय, हाच विचार.

तेवढ्यात दारात भागिरथी उभी. मागं बौद्धवाड्याच्या बाया, प्रत्येकीच्या डोक्यावर कळशी.

"ओढ्याच्या वाळूत झिरा उकरलाय, दादा," ती म्हणाली. "पानी गढूळ हाय. गाळून घ्या."