ठिपकीची पिलं कुठे गेली?

ठिपकी मांजर व्यायली की घरात चार दिवस कौतुक चाले. मग पिलांचे डोळे उघडत, ती पलंगाखालून बाहेर येऊन पायात घुटमळू लागत आणि त्याच कौतुकाची अडचण होऊन बसे. आईचे गुडघे दुखरे. एका पिलाला चुकवताना ती भिंतीवर आदळलीही होती. मग ती मुलाला सांगे, "यांचं काहीतरी बघ रे बाबा आता."

मुलगा बाइंडर होता. छापखान्यातून आलेले फर्मे, म्हणजे पुस्तकाचे घड्या घातलेले छापील कागद, ओळीने जुळवायचे, शिवायचे, पुठ्ठा चढवायचा, असं त्याचं लहानसं दुकान होतं. पिलांचं 'बघण्याची' त्याची रीत ठरलेली होती. सकाळी दुकान उघडण्याआधी ती खोक्यात घालायची, मासळी बाजाराच्या मागच्या बाजूला खोकं ठेवायचं आणि मागे न बघता स्कूटर सुरू करायची. तिथे माशांची डोकी पडलेली असतात, उपाशी मरणार नाहीत, असं तो स्वतःला समजावी. आईला मात्र त्याने वेगळंच सांगितलं होतं. एका धान्याच्या गोदामात उंदरांचा सुळसुळाट आहे, तिथली माणसं पिलं हौसेने ठेवून घेतात!

त्या सकाळी खोक्यात चार पिलं होती. खोकं ठेवून तो वळला, तर कुणीतरी स्कूटर मागून धरली. मासे विकणारी एक पोक्त बाई होती. बाजारात तिला सगळे मावशी म्हणत.

"मागच्या उन्हाळ्यात तीन टाकून गेलात, ते तुम्हीच ना?"

त्याच्या तोंडात नाही हा शब्द आला होता, पण बाहेर पडला नाही. मावशी ओरडली असती तर त्याने दोन शब्द ऐकवून काढता पाय घेतला असता. ती ओरडली नाही. त्याला बर्फाच्या पेट्यांमागे घेऊन गेली आणि चालता चालता त्या तिघांचं काय झालं ते सांगू लागली. एक दुसऱ्याच दिवशी बर्फाच्या गाडीखाली आलं. दुसऱ्याचे डोळे पुवाने चिकटले. चार दिवस तिने त्याला थेंबथेंब दूध पाजलं, पाचव्या दिवशी त्याने तोंड उघडलं नाही. तिसरं जगलं.

"ही बघा."

फाटक्या टोपलीत एक हडकुळी मांजर आडवी पडली होती. अंगावर ठिपकीसारखेच काळे ठिपके. तिला तीन पिलं लुचत होती.

"स्वतःच अजून पोर आहे ती," मावशी म्हणाली. "खोकं ठेवलं की तुमचं काम संपतं, भाऊ. माझं तिथून सुरू होतं. मी एकटी कुणाकुणाला पुरी पडू?"

जुन्या टपाल कचेरीच्या इमारतीत एक संस्था मांजरांची आणि कुत्र्यांची नसबंदी अगदी कमी खर्चात करून देते, हेही तिनेच सांगितलं. असली ऑपरेशनं म्हणजे पैसेवाल्यांचे चोचले, असं तो पुटपुटला. त्यावर ती हसली. "मी मासळी विकते. नऊ मांजरांची करून आणलीत."

तो खोकं घेऊन दुकानात आला. दिवसभर त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. तिसऱ्या फर्म्याच्या जागी पाचवा शिवला, उसवला, पुन्हा चुकला. खोक्यातून आवाज आला की उठायचा, दारापर्यंत जायचा, परत बसायचा. आजवर किती खोकी ठेवली, याचा हिशोब करायलाही त्याला धीर होईना.

संध्याकाळी पिलं परत आलेली पाहून आईने विचारलं, "गोदामवाल्यांनी नाही घेतली?"

उभ्या उभ्याच त्याने सगळं खरं सांगून टाकलं. गोदाम नव्हतंच. आईने खोक्यातली पिलं एकेक करून ठिपकीपाशी ठेवली. आता ती आपल्याला फैलावर घेणार, असं त्याला वाटलं. पण ती हळूच म्हणाली, "एका गोदामाला किती मांजरं लागतात रे? मला कळत नव्हतं असं नाही. मीच कधी विचारलं नाही."

तरीही ऑपरेशनचं नाव निघताच ती बिथरली. मुक्या जिवाचं आईपण काढून घ्यायचं, हे पाप कुणाच्या माथी?  तो आईला घेऊन मावशीने सांगितलेल्या संस्थेत गेला.

डॉक्टरीणबाईंनी तिचं म्हणणं न तोडता ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आजी, तिला आई व्हायची हौस नाही. तिचं शरीर तिला दर काही महिन्यांनी ओढत नेतं. विण्यातून उठते न उठते, तोच पुन्हा गाभण. आणि ज्यांना जगवायची आपली तयारी नाही, त्यांना जन्माला येऊ देणं, ही दया म्हणायची का?"

 निघताना आईनेच विचारलं, "दुखेल का तिला?" भूल देतात, चार दिवस जपावं लागतं, एवढंच. पिलं दूध सोडेपर्यंत मात्र ठिपकीला घरातच ठेवा, अंगावर पाजत असतानाही ती गाभण राहू शकते, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं.

ते दिवस कठीण गेले. ठिपकी दारापाशी ओरडे, खिडकीबाहेर एक बोका गळा काढी आणि आई दाराला खुर्ची लावून पहाऱ्याला बसे. अखेर ऑपरेशन झालं. झिंगलेली ठिपकी पहिल्या दिवशी कोपऱ्यात पडून राहिली. आठवड्याने आईच्या मांडीवर चढून बसली, तीच ठिपकी, तेवढीच लाडिक! चारपैकी दोन पिलं एका मास्तरीणबाईंनी नेली, मोठी झाल्यावर ऑपरेशन करून घ्यायच्या बोलीवर. दोन घरीच राहिली. बाजारातल्या त्या हडकुळ्या मांजरीला आणि तिच्या पिलांनाही वेळ येताच बाइंडर स्वतः घेऊन गेला.

खिडकीबाहेरचा बोका शेजारच्या ड्रायव्हरचा निघाला. त्याचंही ऑपरेशन करून घ्या म्हटल्यावर "नराला कशाला? तो काय वितोय?" म्हणून तो हसला. आई त्याच्या ओट्यावर ठाण मांडून बसली. मांजरी काय वाऱ्याने गाभण राहतात का, असं तिने विचारलं, तेव्हा त्याची बायको आतूनच म्हणाली, "शुक्रवारी नेऊन आणा त्याला."

बाइंडरची तगमग अजून पुरती गेलेली नाही. आधीच्या खोक्यांतल्या पिलांचं काय झालं, ते मावशीलाही ठाऊक नाही. तो ते तिला पुन्हा पुन्हा विचारतो.

मित्रहो, आपल्याही गल्लीत दर काही महिन्यांनी पिलं दिसतात आणि मग दिसेनाशी होतात. ती कुठे गेली, हे आपण विचारत नाही, कारण उत्तर आपल्याला ठाऊक असतं. मांजर असो वा कुत्रं, नर असो वा मादी, ज्याला आपण घास घालतो त्याची नसबंदी वेळेवर करून घेणं हाही त्या मायेचाच भाग आहे. तेवढं केलं नाही, तर त्याची किंमत कुठल्यातरी बाजाराच्या मागे एक मुका जीव मोजतो, आणि आपण मागे वळून बघतही नाही.