डब्यात पडलेली भर

काम तसं साधं होतं. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची आणि त्यानंतर दुसऱ्या सकाळपर्यंतची सगळी लॅबने दिलेल्या डब्यात साठवायची. माझ्या सासऱ्यांच्या पायांवर सूज होती, लघवीला फेस येत होता. मूत्रपिंडांतून प्रथिनं किती गळतात ते कळल्यावरच औषध ठरणार होतं, आणि शनिवारनंतर डॉक्टर महिनाभर रजेवर.

पण सुनेच्या देखत तो डबा धरायचा म्हणजे बाबांना मेल्याहून मेल्यासारखं. पहिल्या खेपेला ते 'सहज' म्हणून न्हाव्याकडे गेले आणि तिथेच मोकळे होऊन आले. दुसऱ्या खेपेला डबा दुपारीच काठोकाठ. रिपोर्ट चांगला यावा म्हणून सकाळपासून तांब्यावर तांब्या पाणी रिचवलं होतं!

"बाबा, ही काय परीक्षा आहे, कॉपी करायला?"

"जन्मभर लोकांची मापं घेतली," बाबा कुरकुरले. शिवणकामात हयात गेलेली. "आता तू माझं घ्यायला निघालीस."

बुधवारी तिसरी खेप. घरात त्याच दिवसांत आमच्या चिमणीला भांड्यात शू करायला शिकवणं चाललेलं. तिची शू झाली की सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या, असा नियम. माझा अर्धा दिवस एकीच्या मागे, अर्धा दुसऱ्यांच्या.

"आजोबांची शू का ठेवायची?" खेळणी आवरताना तिने विचारलं.

मी जाळीची टोपली उचलून हलवली. अस्वल, बाहुली आत राहिली. मणी, आजोबांच्या दुकानातली बटणं आणि बिस्किटाचा चुरा खाली पडला.

"पाठीकडे, आत अशा दोन टोपल्या असतात. रक्त त्यातून गाळलं जातं. मोठं ते आत राहतं, बारीक सगळं खाली पडतं. मग आपण काय करतो? मणी, बटणं कामाची, ती वेचून परत घेतो. शरीर पाणी, साखर, मीठ तसंच परत घेतं. उरला चुरा, थोड्या पाण्याबरोबर. ती शू."

"आणि भोक मोठं झालं तर?"

"तर अस्वल बाहेर पडतं. आजोबांचं अस्वल पडतंय का, ते बघायचंय."

पेपराआडून बाबा कान देऊन ऐकत होते.

संध्याकाळी चिमणी रिकामं भांडं नाचवत आली. "आई, माझी पण डब्यात! टाळ्या!"

मी न्हाणीघराकडे धावले. बाबा न्हाणीघराच्या दारात उभे. त्यांनी सगळं पाहिलं होतं.

"असू दे गं. एवढीशी तर आहे. तिचं चांगलं, त्यात माझंही खपून जाईल."

"खपवायचंय कुणाला, बाबा? डॉक्टरांना? की पायांना?" माझा आवाज चढला. "तुमचं तुम्हाला कळायला नको का?"

बाबा हळूच म्हणाले, "आणि कापडच विरलं असलं तर?"

इतके दिवस मी या भीतीला लाज समजत होते.

"गिऱ्हाइकाने जुना कोट आणला की तुम्ही काय करायचात?"

"उजेडात धरायचो. विरलेल्याला आतून अस्तर लावता येतं. वेळेत आणलं तर."

डबा त्यांनीच ओतून टाकला. लॅबमध्ये जाऊन नवा आणला, तोही पिशवीत न लपवता.

गुरुवारी सकाळी मी दूध तापवत होते. न्हाणीघरातून शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल अशी आरोळी आली, "अगं ए! पहिली टाकली! आता डबा दे!"

चिमणी टाळ्या पिटत धावली. मी दाराच्या फटीतून डबा दिला, आणि खबरदारी म्हणून तिचं भांडं उचलून कपाटावर ठेवलं.

तिला नेमकी तेव्हाच लागली.