दार हळू लावा

आमच्या गाळ्यात शिरलं की समोरच्या भिंतीवर लाल रंगात लिहिलेलं दिसतं: दार हळू लावा. अक्षर माझं आहे आणि त्यातला रागही माझाच. गाडीची पुढची काच बसवायची म्हणजे चौकटीभोवती काच चिकटवणाऱ्या काळ्या सीलंटची जाड रेघ ओढायची आणि तिच्यावर काच अलगद टेकवायची. ते सीलंट घट्ट होईपर्यंत काचेचा मान नव्या जावयासारखा ठेवावा लागतो. सगळ्या खिडक्या बंद असताना कुणी दार आपटलं, की आतली हवा बाहेर पडायला वाट शोधते आणि थेट काचेलाच ढकलते. म्हणून काम झालं की आम्ही बाजूची एक खिडकी थोडी खाली करून ठेवतो आणि गिऱ्हाइकापुढे हात जोडतो.

आता जिचा धंदा असा, तिच्या नशिबी सासरे कसे यावेत? माझे सासरे दार आपटल्याशिवाय ते लागलं असं मानतच नाहीत. गाडीचं असो, कपाटाचं असो, फ्रीजचं असो, त्यांच्यापुढे सगळी दारं सारखीच. गल्लीत त्यांना मागून धाडकाका म्हणतात. सासूबाईंनी घरातल्या प्रत्येक चौकटीला जुन्या चपलांच्या रबराचे तुकडे चिकटवलेत, तरी फारसा फरक नाही. त्या म्हणतात, "आवाजावरून मला कळतं स्वारी कशावर रागावलीय. असू दे बाई, निदान घरात आहेत हे तरी कळतं."

गाळा सासऱ्यांचा, घराच्या खालीच. तिथे मी आणि माझा नवरा काचा बसवतो. सुनेनं गाडीखाली-गाडीवर हात काळे करावेत हे त्यांना कधीच पटलं नाही. त्यातून एक टायरवाला त्यांच्या मागे लागला होता, गाळा मला द्या म्हणून. सासरे त्याला नाही म्हणत नव्हते आणि हो पण म्हणत नव्हते. मला मात्र रोज ऐकवत होते.

त्यांच्या स्वतःच्या जुन्या गाडीच्या काचेवर खडा लागून बारीकसा टवका उडाला होता. मी किती वेळा म्हटलं, "बाबा, वाटाण्याएवढा आहे तोवर भरून देते. काच वाचेल."

"काच माझी, खडाही माझा," हे उत्तर.

मग परवा बाजारातून आले, उतरले, सवयीनं दार आपटलं आणि त्या टवक्यातून निघालेली चीर सरसर करत काचेच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पोचली. वर म्हणतात कसे, "हल्लीच्या काचाच कुचकामी."

शहाण्यानं इथे गप्प बसावं. मी त्यांना गाडी गाळ्यात घ्यायला सांगितलं, नवी काच मी बसवते म्हणाले. तेव्हा सगळ्यांसमोर त्यांनी अट घातली. "बसव काच. उद्या सकाळी मी पाइप लावून पाणी मारणार. आत एक थेंब आला, तर गाळा टायरवाल्याचा. तो उद्याच येतोय विचारायला."

नवऱ्यानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. त्याच्या आधी मी म्हणाले, "चालेल." माझी जीभ नेहमी माझ्यापुढे चार पावलं चालते.

काच आम्ही झकास बसवली. जुनं सीलंट तारेनं कापलं, चौकट पुसली, प्रायमर लावला, रेघ ओढली. दोन बाजूंनी दोघांनी हवेनं चिकटणारे रबरी कप काचेला लावून ती उचलली. आमच्याकडे नियम आहे, स्टिअरिंगच्या बाजूला उभा राहील त्याचाच शब्द चालतो. मी म्हणाले "ठेव", आणि काच अशी बसली की नवऱ्यानं शीळ घातली. वरच्या कडेला टेप लावल्या, खिडकी थोडी उघडली. एवढ्यात हमरस्त्यावर कुणाची तरी काच फुटल्याचा फोन आला आणि नवरा व्हॅन घेऊन निघून गेला.

उरलो मी, गाडी आणि सासरे.

त्यांनी खुर्ची आणून गाडीसमोरच मांडली. थोड्या वेळानं उठले, दार उघडलं, आत डोकावले, आणि दार सोडणार तोच मी धावत जाऊन तळहात मध्ये घातला. पुन्हा बसले. पुन्हा उठले. चष्मा आत राहिला म्हणे. पुन्हा मी धावले. लहान मूल नुकतं चालायला लागल्यावर आई जशी मागे-मागे फिरते, तशी मी त्या माणसाच्या मागे फिरत होते. मधल्या वेळात ते काय करत होते याकडे माझं लक्ष राहिलं नाही.

"एवढी काय घाबरतेस?" ते म्हणाले. "जन्म गेला गाड्या चालवण्यात. हवेनं काच निघते हे आजच ऐकलं. काम कच्चं असलं की कारणं पक्की लागतात."

मी फडकं घ्यायला गाडीत वाकले होते. तळपायाची आग मस्तकात गेली. बाहेर आले आणि काही कळायच्या आत दार धाडकन आपटलं.

मी. दार. आपटलं.

फस्स असा बारीक आवाज आला. वरच्या कोपऱ्यातली टेप सुटली होती आणि तिच्याखाली सीलंटची रेघ उसवली होती. मी खिडकीकडे पाहिलं. ती पूर्ण बंद होती. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ना, त्यातला कोरडा पाषाण म्हणजे मीच, आणि मागे भिंतीवर माझंच अक्षर.

सासरे चष्मा पुसत होते. त्यांना काहीही दिसलं नव्हतं. काच अंगठ्यानं दाबली असती आणि नवी टेप मारली असती, तर उद्याचं पाणी बहुधा निभावलं असतं. बहुधा. पण या गाडीत सासूबाई बसतात, आणि गाडी कुठे धडकली तर माणसाला आत धरून ठेवण्यात या काचेचाही वाटा असतो. गाळ्यासाठी खोटं बोलायची माझी तयारी होती, हे मी सरळ सांगते. त्या काचेमागे सासूबाईंना बसवायची मात्र नव्हती.

"बाबा," मी म्हणाले, "मी दार आपटलं. काच हलली. काढून पुन्हा बसवावी लागेल."

आता हसतील, टायरवाल्याला फोन लावतील, असं वाटून मी मान खाली घातली. रडू येत होतं, आणि ते त्यांना दिसू नये म्हणून आणखी राग येत होता.

मग घसा खाकरल्याचा आवाज. "खिडकी वर असली म्हणून झालं का हे?"

"हो."

"ती मी वर केली. मगाशी. धूळ येत होती आत." चष्मा डोळ्यांवर चढवत म्हणाले, "म्हणजे ते हवेचं खरंच आहे तर."

"खरंच आहे, बाबा."

"मग आता दुसरी बाजू कोण धरणार? तो तर गेला हमरस्त्यावर."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या होत्या.

काच काढली, ओलं सीलंट खरवडलं, नवी रेघ ओढली. त्यांना मी दुसऱ्या बाजूला उभं केलं. ते म्हणाले, "मी सांगतो तेव्हा ठेवायची." मी म्हणाले, "नाही. स्टिअरिंगच्या बाजूला मी आहे. शब्द माझा." त्यांनी मान डोलावून कप धरला. काच उचलली. त्यांचे हात मजबूत होते, पण श्वास धरून चेहरा लाल झाला होता. काच चौकटीवर आणली, दोन्ही बाजू डोळ्यांनी जुळवल्या, आणि सवयीनं माझ्या तोंडून निघालं, "ठेव!"

सासऱ्यांना अरेतुरे. जीभ चावली मी. पण त्यांनी काच ठेवली होती, अगदी अलगद, झोपलेलं पोर गादीवर ठेवावं तशी. मग कपाळावरचा घाम पुसत विचारलं, "बसली?"

"बसली, बाबा."

खिडकी त्यांनी स्वतः खाली केली. रात्री जेवताना टायरवाल्याचा विषय निघाला नाही. तू अट हरलीस असंही कुणी म्हणालं नाही, त्यामुळे मला धड झोप लागली नाही.

सकाळी पाइप आला. सासूबाई हट्टानं गाडीत जाऊन खिडकी वर करून बसल्या, "मी बघते थेंब कुठून येतो ते." सासऱ्यांनी चारी बाजूंनी पाणी मारलं, वरच्या कोपऱ्यात तर जरा जास्तच. सासूबाई आत कोरड्या ठणठणीत बसून हसत होत्या.

तेवढ्यात टायरवाला आला. गाडीभोवती फिरला, "वा काका, नवी काच!" म्हणत सासूबाईंना उतरायला हात दिला आणि त्यांच्यामागे दार जोरात लावलं.

"अहो!" सासरे पाइप टाकून ओरडले. "दार आहे ते, ढोल नाही! भिंतीवर काय लिहिलंय, दिसत नाही? दार हळू लावा!"

टायरवाला दचकला. "सॉरी काका. ते... गाळ्याचं काय ठरलं?"

"गाळ्यात काचेचं काम चालतं," सासरे म्हणाले. "उचलायला मी असतो दुसऱ्या बाजूला. जागा रिकामी नाही."

एवढं बोलून ते वर घरात गेले. मी आणि सासूबाई जिन्याकडे कान लावून उभ्या राहिलो. दार लागण्याची वाट पाहिली. काहीच आवाज आला नाही.

सासूबाईंचा चेहरा उतरला. पदर सावरून त्या जिन्याकडे धावल्या. "अगंबाई, बरं वाटत नाही की काय त्यांना?"