विषयाचा रकाना

"दिवाळीला तर रंगवली होती की ही खोली," पंडित दारातूनच म्हणाला.

शिडीवरच्या रंगाऱ्याने खाली पाहिले. "मालकीनबाई म्हनल्या, आजच्या आज हात मारा. आमाला काय, सांगितलं तर करायलाव."

ओसरीवर मालकीणबाई, गौराबाई, तूर पाखडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. पायरीवर माधवीची शेगडी, गादी आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली फोटोची फ्रेम काढून ठेवली होती. किल्ली घरमालक बसप्पांनी कालच मागून घेतली होती. पुतण्या राहायला येणार, असे म्हणाले होते.

"पुतण्या कवा यायलाय, मावशी?"

"त्यायलाच विचारा," गौराबाई सुपाकडे बघत म्हणाल्या.

माधवी ही पंडितची एकुलती एक मुलगी. परभणीतल्या एका खाजगी दवाखान्यात ती कंत्राटी नर्स होती. ड्यूटी सकाळी सातची आणि झरीहून येणाऱ्या गाडीचा काही नेम नाही. उशिराच्या दोन नोटिसा हातात पडल्या होत्या. तिसरी आली की घरी बसायचे, असे साफ सांगितले होते. म्हणून ही खोली.

खोली मिळाली त्या दिवशी पंडितने तिला बजावले होते, "फोटो आठ दिवस लावू नको. वळख होऊ दे, मग लाव." पोरगी ऐकते थोडीच. तिने पहिला खिळा ठोकला तो बाबासाहेबांच्या फोटोसाठी. नळाला पाणी कधी येते ते सांगायला गौराबाई आल्या, भिंतीकडे बघितले आणि पाण्याचे न सांगताच परत गेल्या.

सामान ऑटोत घालून बापलेक थेट ठाण्यात गेले. तिथेही भिंतीवर तोच फोटो होता, हार घातलेला. जमादार माणूस वाईट नव्हता, त्याने चहा सांगितला.

"जात काढली का त्यायनं? काही बोलले?"

"न्हाई. पुतण्या येतो म्हनले."

"साक्षीदार?"

"खोली परत रंगवायलेत. जाऊन बघा."

"रंग देणं काय गुन्हा हाय का, पंडितराव?" जमादार हळू आवाजात म्हणाला. "आन खरं सांगू? असली तक्रार या गावात कधी आलीच न्हाई. तुमच्याच कचेरीतून येतेत ना अर्ज? सगळे जागेचे वाद."

पंडितने कप खाली ठेवला.

बावीस वर्षे तो तहसील कचेरीत आवक खिडकीवर होता. अर्ज आला की शिक्का, नंबर, आणि रजिस्टरात विषयाच्या रकान्यात एक ओळ. अर्ज कोणत्या टेबलावर जायचा ते त्या ओळीवर ठरते. तीन वर्षांपूर्वी कमलबाई नावाची एक स्वयंपाकीण अशीच आली होती. भरल्या घरातून सामान बाहेर काढले म्हणून रडत होती. पंडितनेच तिला समजावले होते, "मावशी, जातीचं लिहू नका, खामखा वाद वाढंल. जागेचा वाद लिहा, लवकर निकाल लागंल." तिच्यानंतरही कितीतरी जणांना त्याने हेच सांगितले. आपण त्यांचे भलेच करतो आहोत असे त्याला वाटायचे. ते सगळे अर्ज जमीन मोजणीच्या टेबलावर गेले आणि तिथेच धूळ खात पडले.

कचेरीत येऊन त्याने जुने रजिस्टर काढले. कमलबाईची ओळ सापडली. अक्षर त्याचेच, वळणदार. निकालाचा रकाना कोरा. पंडितला स्वतःची भयंकर शरम वाटली. तिला फोन लावून पाहिला, नंबर बंद होता.

मग त्याने नवा कागद घेतला. तारीख, खोलीचा पत्ता, फोटो, किल्ली, रंगाऱ्याचे नाव, सगळे लिहिले. तीन प्रती केल्या. एक कचेरीची, एक समाजकल्याणची आणि एक ठाण्याची, पोच घेतल्याशिवाय तिथून हलायचे नाही असे ठरवून.

"खिडकीतून दे," तो माधवीला म्हणाला. "सगळे देतेत तसा."

ती बाहेर जाऊन खिडकीशी उभी राहिली. त्याने शिक्का मारला, नंबर टाकला आणि विषयाच्या रकान्यात लिहिले : जात कळल्यावर राहती खोली काढून घेतल्याबाबत, विरुद्ध बसप्पा, कापड दुकानदार. ओळ रकान्यात मावली नाही, शेजारच्या रकान्यात गेली.

"पोच जपून ठेव."

"ठेवते," माधवी म्हणाली. मग मोबाइल पुढे केला. "बाबा, तिसरी आली. आज गेलेच न्हाई ना मी."

पंडितने नोटीस दोनदा वाचली आणि मोबाइल तिला परत दिला.

झरीच्या गाडीत गादी टपावर गेली, शेगडी पायाशी. फ्रेम माधवीच्या मांडीवर होती, वर्तमानपत्र तसेच. गाडी स्टँडबाहेर पडली तेव्हा पंडितने सुतळीची गाठ सोडली आणि कागद काढून घेतला. शेजारच्या बाकावरचा माणूस वळून फ्रेमकडे बघू लागला. पंडितने कागदाची घडी करून खिशात ठेवली.

"बघू दे त्यायला," तो म्हणाला.