सहा महिने आधी

टीव्हीला जोडून खेळायचे गेमिंग कन्सोल बनवणाऱ्या एका कंपनीत ती चाचणी विभागाची प्रमुख होती. तिचा धाकटा भाऊ समोरच्या कंपनीत, म्हणजे थेट प्रतिस्पर्ध्याकडे, त्याच धंद्यात होता. आईनं दोघांना बजावलं होतं, की माझ्या घरात कामाचा विषय नको. अकरा वर्षं दोघांनी हे इमानदारीनं पाळलं.

नवा कन्सोल डिसेंबरात बाजारात यायचा होता. मार्चमध्ये एके सकाळी विक्रीप्रमुख तिच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"मॅडम, समोरच्यांनी सप्टेंबरसाठी शहरातलं सगळ्यात मोठं सभागृह घेतलंय. म्हणजे त्यांचा येतोय. आपण जूनमध्ये आणायचा."

"चाचणी हजार तासांची आहे. आत्ता कुठे तीनशे झालेत, आणि चाळीस कन्सोलांतले सहा बंद पडलेत. चिपखालचं सोल्डरिंग उष्णतेनं तडकतं. आत मोठा पंखा लागेल."

"मोठा पंखा म्हणजे मोठं खोकं. खोक्याचे फोटो छापून झालेत."

"उतावळा नवरा नि गुडघ्याला बाशिंग," ती म्हणाली. तो हसला आणि निघून गेला. त्या आठवड्यात तो आणखी तीनदा आला. तीनदा तिनं नाही म्हटलं. चौथ्यांदा त्याच्या हातातल्या कागदावर 'तात्पुरती मान्यता' असं लिहिलेलं होतं. ती दमली होती. दमणं हे काही सही करायचं कारण नव्हे, पण तिनं सही केली.

जूनमध्ये दुकानांबाहेर रांगा लागल्या. तिला पुष्पगुच्छ मिळाला. तो तिनं चाचणीच्या खोलीत ठेवला आणि तिथल्या उकाड्यात तो दोन दिवसांत मान टाकून बसला.

ऑगस्टपासून कन्सोल परत येऊ लागले. आधी टेबलावर मावत होते, मग कपाटांवर गेले, मग जिन्यापर्यंत खोक्यांच्या भिंती उभ्या राहिल्या. सप्टेंबर आला, गेला. समोरच्यांचा कन्सोल काही आला नाही.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी आईकडे भांडी विसळताना तिनं पहिल्यांदा नियम मोडला.

"तुमचा सप्टेंबरचा कार्यक्रम का रद्द झाला रे?"

"कुठला कार्यक्रम?" भाऊ विचारात पडला. "ते सभागृह? ताई, ते कर्मचाऱ्यांच्या मुलांचं स्नेहसंमेलन होतं. आमची छोटी त्यात झाड झाली होती. फोटो पाठवले होते की तुला."

तिनं फोटो पाहिले होते. झाडाचं कौतुकही केलं होतं. तिनं विसळून झालेलीच ताटली पुन्हा नळाखाली धरली.

"मला विचारायचंस ना," तो हळूच म्हणाला.

"आईनं सांगितलं होतं."

"भांडू नका म्हणून सांगितलं होतं मी," आई आतून म्हणाली. "अक्कल गहाण ठेवा असं नव्हतं सांगितलं."

दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःहून दुरुस्ती विभागात बदली मागितली. कोणीच अडवलं नाही. तिथं हुकूम असा होता, की दुरुस्ती करायची नाही, जुना मोडीत टाकायचा आणि नवा पाठवायचा. नव्यातही तोच दोष होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. एका खोक्यात तिला चिठ्ठी सापडली.

'साहेब, मी निवृत्त बसचालक. तुमच्या यंत्रातल्या खेळात मी एक शहर वसवलं आहे. एकशे चौदा बसमार्ग आहेत, एकही बस उशिरा येत नाही. नोकरीत हे कधी जमलं नाही. मला नवं नको. हेच चालू करून द्या.'

तिनं तो कन्सोल मोडीत टाकला नाही. चिप उतरवून पुन्हा बसवली. दोनदा फसलं, तिसऱ्यांदा जमलं. मोठा पंखा लावला, तर झाकण लागेना. मग झाकणालाच भोक पाडलं. शहर पडद्यावर आलं. चौकाचौकातून पिवळ्या बस शिस्तीत वळत होत्या. जेवणाची सुट्टी संपेपर्यंत ती पाहत बसली. मग तिनं चिठ्ठीखालच्या नंबरवर फोन लावला.

"काका, शहर शाबूत आहे. झाकणाला मात्र भोक पडलंय."

"झाकणाचं काय घेऊन बसलात! उपकार झाले. आपण कोण?"

"हा कन्सोल विकायला हरकत नाही, अशी सही करणारी मीच."



"ब्रेक ढिले असताना मी एकदा गाडी बाहेर काढली होती," म्हातारा म्हणाला. "डेपोत म्हणाले, आजच्या दिवस काढा. काढली. काही झालं नाही. पण उतार दिसला ना, की अजून पाय आपोआप ब्रेक शोधतो."

"मग काय केलंत?"

"दुसऱ्या दिवशी नाही म्हणालो. उशिराच, पण म्हणालो."

त्यानंतर जो मागेल त्याचा कन्सोल तिनं दुरुस्त करायला घेतला. विक्रीप्रमुखानं हुकमाची आठवण करून दिली, तर ती म्हणाली, "लेखी द्या. या वेळी सही तुमची असू द्या." त्यानं लेखी काही दिलं नाही. पुढं तो दुसरीकडे आणखी मोठ्या हुद्द्यावर गेला.

समोरच्यांचा कन्सोल वसंतात आला. आपण मागं पडलो या धास्तीनं त्यांनी त्याला कॅमेरा जोडला होता, आणि कॅमेरा लावल्याशिवाय तो सुरूच होत नसे. बैठकीच्या खोलीत आपल्याकडे टक लावून पाहणारं यंत्र कोणालाच नको होतं. वर्षभरात त्यांचा तो विभाग बंद पडला. गिऱ्हाईक गेलं ते हातात मावणारा स्वस्त कन्सोल बनवणाऱ्या तिसऱ्याच कंपनीकडे. दोन्हीकडच्या बैठकांत त्या कंपनीचं नाव कधी कोणी काढलं नव्हतं.

भाऊ तिच्याकडे दुरुस्ती विभागात नोकरीला लागला. पहिल्याच दिवशी त्यानं एक झाकण उघडलं, आत नीट पाहिलं आणि म्हणाला, "ताई, मांडणी छान आहे गं. पंखा तेवढा मोठा हवा होता."

"हो," ती म्हणाली, आणि पुढचं खोकं त्याच्याकडे सरकवलं.