पिसवा आणि आजोबांची खाली गेलेली मान

मी कुत्रा बोलतोय. रंगाने तपकिरी, वयाने उतरलेला, आणि गेले काही महिने तोंड लपवून बसलेला.

माझे मालक, म्हणजे आमचे आजोबा, आयुष्यभर सलून चालवत होते. दुकानात केसाचं एक टोक जमिनीवर राहू देत नसत. गुडघे थकले, दुकान बंद झालं, तसे ते मला घेऊन लेकीकडे राहायला आले. लेक म्हणाली, "बाबा, त्यालाही आणा." जावई नुसता "हं" म्हणाला. त्या 'हं'ने आजोबा घरात पाहुण्यासारखे वावरायचे आणि मी दाराशी अंग चोरून झोपायचो.

मग नातीच्या घोट्यांवर लाल गांधी उठू लागल्या. "डास असतील," लेक म्हणाली. दुपारी घरात कोणी नसताना आजोबांनी माझ्या शेपटीजवळचे केस बाजूला केले, तर एक पिसू टुणकन उडून त्यांच्या मनगटावर बसली. त्यांचा चेहरा असा उतरला, जणू भर बाजारात कोणी धोतर ओढलं.

त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मोरीचं दार लावून मला रोज साबण चोळायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, "उकडतंय ना त्याला." लेकीसमोर मी पाय उचलून खाजवलं की ते नजर खाली घालायचे. मग मी खाजवणंच सोडलं. अंगाची आग आग व्हायची, पण मी दगडासारखा बसून राहायचो.

पिसवा काही हटेनात. एका सकाळी त्यांनी दुकानातलं केस कापायचं जुनं मशीन काढलं आणि मला गॅलरीत नेऊन सफाचट केलं. शेपटीसुद्धा सोडली नाही. तेवढ्यात जावई आला.

"बाबा, हे काय केलंत?"

"पिसवा झाल्यात त्याला." आजोबा जमिनीवरचे केस गोळा करू लागले. "पोरीला त्याच चावतायत. आम्ही दोघं जातो कुठेतरी."

"जाताय कुठे? डॉक्टरकडे चला," जावई म्हणाला, आणि मला उचलून त्याने गाडीत ठेवलं. त्याने मला पहिल्यांदाच हात लावला होता, आणि तोही असा बोडका असताना.

डॉक्टरीणबाईंनी मला तपासलं. "केस कापून पिसवा जात नाहीत, आजोबा. अंगावर दिसतात त्या थोड्याच. त्यांची अंडी गळून गालिच्यात, गादीत, फटींत पडतात आणि तिथेच वाढतात. नुसता कुत्रा धुऊन काय होणार?"

"म्हणजे घरभर..." आजोबा पुटपुटले.

"होतं असं. स्वच्छ घरांतही होतं. मानेवर हे औषध दर महिन्याला, न चुकता. अंथरूण गरम पाण्यात धुवा. सोफ्याखाली, कोपऱ्यांत व्हॅक्यूम फिरवा आणि कचरा लगेच घराबाहेर टाका. मध्येच पुन्हा दिसतील, तेव्हा घाबरू नका. कोषातल्या उशिरा निघतात."

तसंच झालं. सगळं घर उलटंपालटं करून झाडल्यावरही काही दिवसांनी पिसू दिसली आणि आजोबांनी जेवण टाकलं. लेक ताटाशी बसून राहिली. "बाबा, डॉक्टर सांगत होत्या ना. आणि घर तुमचंही आहे. मला का नाही सांगितलंत?"

"लाज वाटली गं," ते म्हणाले, आणि मग जेवले.

आता मला केस आलेत, आखूड आणि खरखरीत. पिसवा गेल्या, औषध चालूच आहे. तुमच्याही घरी कुणी सारखं खाजवत असेल, तर त्याच्यावर डोळे वटारू नका. केस बाजूला करून बघा, आणि घरच्यांना सांगा. लपवण्यात आमचे किती दिवस गेले, ते आठवलं की मला अजून कानकोंडं होतं.

काल शेजारीण दारात आली. इकडेतिकडे बघत हळूच म्हणाली, "आजोबा, एक विचारू? आमच्या मांजराला ना... कुणाला सांगू नका हं."

आजोबा खुर्चीतून उठले आणि जिन्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पिसवा? आमच्याकडेही झाल्या होत्या. मांजराचं औषध वेगळं असतं, आमचं लावू नका, डॉक्टरांना विचारा. बाकीचं मी सांगतो. या, आत बसा."